दोन रस्त्यांचे टायर

लग्नानंतर बरीच वर्षं आमच्या घरात एकच सायकल होती आणि ती लेडीज होती. सकाळी मी ती शाळेला न्यायची, दुपारी हे ती कारखान्यात न्यायचे. दांडीच्या सायकलवर साडी नेसून बसणं मला जमेना, आणि बिनदांडीच्या सायकलवर पँट घालून बसायला यांना काही अडचण नव्हती, म्हणून निवड सोपी झाली. कारखान्याच्या फाटकापाशी सुरुवातीला यांना कुणी ना कुणी म्हणायचं, "बाईसाहेब आल्या." हे म्हणायचे, "बाईसाहेब घरी आहेत. त्यांनी मला सायकल उसनी दिलीय." चिडवणारे लवकरच कंटाळले.

पन्नासच्या दशकाची अखेर आणि साठची सुरुवात, असा तो काळ. अलसूरला भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: मी, हे आणि सासूबाई. माझं माहेर बेंगळूरचंच, पेठेतलं. फार मागे कधीतरी फौजांबरोबर दक्षिणेत उतरलेल्या आणि इथलीच झालेल्या घराण्यांपैकी आमचं एक. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकं मुरलेलं, की हे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा "स्वल्प भात वाढू का?" या माझ्या प्रश्नावर ते नुसतेच ताटाकडे बघत राहिले. आमचा 'स्वल्प', म्हणजे 'थोडा', त्यांना कळलाच नाही. हे साताऱ्याकडचे. सरकारी कारखान्यात यंत्रावर नोकरी लागली म्हणून आईला घेऊन इकडे आलेले.

माझी शाळा बेळ्ळंदूरच्या तळ्यापलीकडच्या एका खेड्यात होती. दोन खोल्या, पुढे चिंचेचं झाड आणि शिक्षक दोनच, हेडमास्तर आणि मी. दुपारी मुलांना गुरांमागे जावं लागे, म्हणून शाळा सकाळची. यांची पाळी दुपारची. मी परत आले की हे निघणार, अशी सगळी व्यवस्था. ती ठरवताना आम्हाला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

पण सायकलीला त्यात दोन वेगवेगळे रस्ते तुडवावे लागणार होते, हे आमच्या ध्यानात आलं नाही. यांचा रस्ता डांबरी, रुंद, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, कारखान्याच्या फाटकापर्यंत सरळ. माझा रस्ता दोमलूरच्या पुढे गेला की डांबर सोडायचा. मग लाल मातीची गाडीवाट, मग खडकाळ उतार, मग तळ्याचा बांध आणि त्यापुढे नाचणीची शेतं. त्या शेतांना बाभळीच्या फांद्यांचं कुंपण. आम्ही त्या बाभळीला जाली म्हणतो. फांद्या ओढून नेताना काटे वाटेवर पडत, गाड्यांच्या चाकांखाली मातीत रुतून बसत आणि नेमके टोक वर करून राहत.

सायकलीबरोबर आलेले टायर बारीक आणि गुळगुळीत होते. यांच्या रस्त्याला ते फार छान. दोन पायडल मारले की कुठल्या कुठे. माझ्या वाटेवर मात्र पहिल्याच महिन्यात इतकी पंक्चरं झाली, की दोमलूरच्या पंक्चरवाल्याच्या घरची सगळी माणसं मला ओळखू लागली. पंक्चर शाळेच्या बाजूला झालं, की तिथून डांबरापर्यंत सायकल ढकलत यायचं. इकडे हे डबा हातात घेऊन दाराशी उभे. सासूबाई कोपऱ्यापर्यंत जाऊन रस्त्याकडे बघत राहायच्या आणि मी दिसले की लांबूनच हात वर करून मुलाला खूण करायच्या.

कारखान्याचा भोंगा झाला की मोठं फाटक बंद होई. त्यानंतर येणाऱ्याचं नाव चौकीत लिहून घेत. हे तेव्हा नोकरीत कायम झाले नव्हते. वर्षभर वागणूक बघून मग कायम करायचं, असा नियम होता, आणि चौकीत यांचं नाव वारंवार लिहिलं जाऊ लागलं होतं.

एकदा मी फारच उशिरा पोचले. यांनी सायकल हातात घेतली, मागच्या चाकाला अंगठा लावून पाहिला आणि निघून गेले. रागावले असते तर मला कमी लागलं असतं. सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तुझी चूक नाही गं. पण त्याचीही नाही. असं किती दिवस चालायचं?"

मी नोकरी सोडावी असं कुणी म्हटलं नाही, पण ते वाक्य घरात फिरत होतं. मीच रात्री पडल्या पडल्या ते मनात म्हणून बघायची.

यांनी कारखान्यात चौकशी केली. सगळ्यांचं एकच मत पडलं, की जाड टायर घाला, दूधवाले घालतात तसे. अलसूरच्या बाजारातल्या सायकलवाल्याचंही तेच म्हणणं होतं. "अक्का, हा टायर चढवला की काटाच मोडेल," तो म्हणाला आणि माळ्यावरून भलेमोठे, काळेभोर टायर काढून त्याने माझ्यापुढे ठेवले. त्यांच्यावर रबराचे बोटाच्या पेराएवढे उंचवटे होते; त्यांना तो गुट्ट्या म्हणे. बघूनच मला धीर आला. चाकात ते कसेबसे बसले. मडगार्डला घासू नयेत म्हणून त्याने मडगार्डच वर उचलून तारेने बांधलं.

काटे थांबले, हे खरं. पण सायकल जनावरासारखी जड झाली. डांबरावर ती घूं घूं आवाज करत चाले, आणि चढावर मला उतरून ढकलावं लागे. हे घामाने निथळत कारखान्यात पोचायचे आणि यंत्रापाशी उभं राहण्याआधीच थकलेले असायचे. तरी आम्ही दोघंही म्हणत होतो, बरं चाललंय. नवी वस्तू घेतल्यावर काही दिवस माणूस तसं म्हणतोच.

मग तळ्याचं पाणी शेतांना सोडण्याचे दिवस आले. बांधाखालच्या वाटेवर पाट फुटून चिखल झाला. काळा, चिकट चिखल. त्या मोठ्या गुट्ट्यांनी तो उचलला आणि मडगार्डाखाली नेऊन भरला. थोड्या अंतरावर चाक फिरायचंच थांबलं. ढकलावं तर ढकलता येईना. मी काटकीने चिखल काढायची, पाच पावलं जायची, पुन्हा काढायची. पदर, हात, चपला, सगळं चिखलाने माखलं. शेवटी सायकल दोन्ही हातांनी उचलली आणि थांबत थांबत कोरड्या जागी आणली. त्या दिवशी मी रडले. आजूबाजूला कुणी नव्हतं, त्यामुळे व्यवस्थित रडले.

घरी पोचले तर हे नव्हते. बसने जायचं म्हणून निघून गेले होते आणि त्या दिवशीही नाव लिहिलं गेलं होतं.

त्यानंतर सायकलवाल्याने दुसरी युक्ती सुचवली. जुने बारीक टायर परत चढवायचे आणि ट्यूब व टायर यांच्यामध्ये एका फाटक्या टायरची पट्टी कापून घालायची. काटा टायर भेदून आला तरी पट्टीत अडकेल. युक्ती चांगली होती. पण पट्टीची दोन टोकं जिथे एकमेकांवर येत तिथे चाकाला टेंगूळ आलं, आणि सायकल बैलगाडीसारखी ठक ठक करत चालू लागली. काही दिवसांनी त्या टोकाने आतून घासून घासून ट्यूबच फाडली. म्हणजे आता पंक्चरला काट्याचीही गरज उरली नाही.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "रविवारी माझ्याबरोबर चला."

"कुठे?"

"माझ्या वाटेने. तुम्ही ती पाहिलीच नाही. सायकलवाल्यानेही पाहिली नाही, कारखान्यातल्या कुणी पाहिली नाही. आणि टायर मात्र सगळे सांगतायत."

हे भात कालवता कालवता म्हणाले, "खरं आहे."

रविवारी आम्ही सायकल घेऊन पायी निघालो. दोमलूरपर्यंत हे बोलत होते. गाडीवाट लागली तसं बोलणं कमी झालं. खडकाळ उतारावर यांनी सायकल माझ्या हातून घेतली आणि स्वतः बसून पाहिलं. अर्ध्यावर उतरले. बांधावर आलो तेव्हा वारा सुटला होता, तळ्यात पाणकोंबड्या ओरडत होत्या, आणि पलीकडे शाळेचं चिंचेचं झाड दिसत होतं. हे उभे राहून एकदा पुढे, एकदा मागे बघत राहिले.

"तू रोज असं येतेस?"

"रविवार सोडून."

"मला वाटायचं, थोडा कच्चा रस्ता असेल."

एवढंच म्हणाले. पण पुढच्या वाटेवर त्यांनी सायकल मला धरू दिली नाही.

बांधाखालचा चिखल एव्हाना वाळत आला होता आणि त्यात सायकलींचे माग उमटले होते. आम्ही दोघं तिथे उकिडवे बसलो. माझ्या जाड टायरचा माग मला लगेच ओळखू आला, कारण तो मध्येच संपत होता. तिथूनच तर मी सायकल उचलली होती. पण दुसरे दोन-तीन माग तसेच सरळ पार गेलेले होते. एक पोस्टमनचा असणार, बाकीचे रेशीमकोशांच्या व्यापाऱ्यांचे. त्या मागांच्या मधोमध सलग रेघा होत्या आणि कडांना लहान लहान चौकडे. चौकडे आखूड होते, त्यांच्यात अंतर होतं, आणि माती त्यांच्यात अडकून राहिलेली नव्हती.

यांनी जमिनीवर काटकीने ती नक्षी पुन्हा काढली. "डांबरावर मधली रेघ टेकेल," ते म्हणाले. "ती सलग, म्हणून आवाज नाही, ओढ नाही. चाक मातीत रुतलं, की मग कडेचे चौकडे काम करतील. चिखल गळून जायला वाट आहे. रुंदी मधली हवी, ना पहिल्याएवढी, ना दुसऱ्याएवढी."

"आणि काटे?"

"त्याला जाडी रबराची नको, आतल्या कापडाची हवी. कापड दाट असेल तर काटा आत जाताना वाकतो."

मलाही एक गोष्ट सांगायची होती. ती आजवर मी मनातच ठेवली होती, कारण यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला हे सांगायचं म्हणजे संकोच वाटत होता. मी म्हटलं, "एकदा घरचा पंप बिघडला होता, तेव्हा मी कमी हवेवर आले. त्या दिवशी दगडांवरून सायकल उडालीच नाही. जमिनीला धरून चालली."

"हवा कमी असेल तर दगडावर रिम आपटून ट्यूब फाटेल."

"फार कमी नाही म्हणत मी. स्वल्प."

त्या 'स्वल्प'ला हे हसले. मग चाकाला अंगठा लावून त्यांनी थोडी थोडी हवा सोडली, आणि मी दाबून बघत गेले. जिथे मला बरं वाटलं तिथे "सरी", म्हणजे ठीक, असं म्हटलं. परत येताना त्याच हवेवर हे तो खडकाळ उतार बसून चढले. खाली येऊन म्हणाले, "बरोबर आहे तुझं. डांबर सुटलं की थोडी हवा सोडायची, डांबर लागलं की भरायची. सायकलीला पंप बांधून टाकू."

त्याच आठवड्यात आम्ही तिघं सायकलवाल्याकडे गेलो. सासूबाईंना बाजारातून भाजी घ्यायची होती, म्हणून त्याही आल्या. नक्षी सांगितल्यावर त्याने चार-पाच टायर काढून दाखवले. हे एकेक टायर आतून उलटा करून कापड बघत होते, मी बाहेरून वाकवून बघत होते. फार दिवस दुकानात पडलेल्या टायरला वाकवलं की बारीक चिरा दिसतात, हे मला दोमलूरच्या पंक्चरवाल्याच्या बायकोने सांगितलं होतं. दोन टायर मी तेवढ्यावरून बाजूला ठेवले.

हवा तसा टायर अखेर मिळाला. पण यांनी तो एकच घेतला, मागच्या चाकासाठी. वजन मागे असतं, काटे मागेच जास्त लागतात. पुढच्या चाकाला त्यांनी त्याच रुंदीचा, पण नुसत्या सलग रेघांचा, हलका टायर निवडला, म्हणजे हँडल हलकं राहील.

सायकलवाल्याला ते पटेना. "जोडी मोडू नका," तो मला कानडीत म्हणाला. "दोन चाकांना दोन तऱ्हेचे टायर आजवर कुणी नेले नाहीत. लोक मला हसतील."

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतोय तो? मी सांगितलं. त्या भाजीची पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "त्याला म्हणावं, आमच्याकडे बैलाची जोडीसुद्धा अशीच असते. जुवाला डावा बैल वेगळा आणि उजवा वेगळा. डाव्याला उजवीकडे जुंपलं तर दोघंही चालत नाहीत. तरी त्याला जोडीच म्हणतात."

मी ते कानडीत सांगितलं. तो मोठ्याने हसला आणि पान्यांचा डबा जवळ ओढून चाक सोडायला बसला.

पहिल्या दिवशी मी जपून गेले. दुसऱ्या दिवशी कमी जपून. आठवडाभरात मी वाटेकडे बघण्याऐवजी तळ्याकडे बघत जाऊ लागले. दोमलूरच्या पुढे उतरायचं, वॉल्व्ह किंचित सैल करायचा, अंगठ्याने दाबून बघायचं आणि निघायचं. परत येताना तिथेच थांबून हवा भरायची. पंक्चर अगदीच थांबलं असं नाही, पण कधीतरी, म्हणजे सगळ्यांना होतं तसं. सासूबाई कोपऱ्यावर जाईनाशा झाल्या. मी घरी पोचले तेव्हा त्या दुपारची डुलकी घेत होत्या, असं पहिल्यांदा घडलं, तो दिवस मला फार चांगला आठवतो. मी आवाज न करता आत गेले आणि पाणी प्यायले.

मग हेडमास्तरांचं ते प्रकरण झालं.

आमचे हेडमास्तर उंच, काटकुळे, डोक्याला पांढरा पेटा, म्हणजे इकडचा फेटा, बंद गळ्याचा कोट. गावातच राहत. स्वभावाने कडक. बाईमाणसाने एवढ्या लांबून सायकलवर यावं, हे त्यांना पसंत नव्हतं. तसं ते स्पष्ट म्हणाले होते, पण पुन्हा तो विषय कधी काढला नाही. मला ते 'टीचरम्मा' म्हणत, मी त्यांना 'सार'. शाळेत गरजेपुरतंच बोलणं.

त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. गावातले पुरुष आणि सगळ्या गाड्या बाजाराला गेलेल्या. शाळा सुटायला थोडा अवकाश असताना शेजारच्या खोलीतला पाढ्यांचा आवाज एकदम थांबला. मी जाऊन पाहिलं तर हेडमास्तर खुर्चीवरून खाली सरकून भिंतीशी वाकून बसले होते. एक हात कमरेवर, चेहरा घामाने भिजलेला. त्यांना बोलता येत नव्हतं. मुलं जागच्या जागी उभी.

मी मुलांना घरी पाठवलं आणि हेडमास्तरांच्या बायकोला बोलावून घेतलं. त्या धावत आल्या. शेजारच्या दोन म्हाताऱ्या आल्या. ओव्याचं पाणी दिलं, ते उलटलं. दुखणं लाटेसारखं येत होतं, आणि आलं की ते दात आवळून डोळे मिटत. सगळ्यात जवळचा दवाखाना कारखान्याच्या डांबरी रस्त्यावर होता. गाडी संध्याकाळपर्यंत येणार नव्हती.

मी त्यांच्या बायकोकडे पाहिलं. त्यांनी माझ्या सायकलीकडे पाहिलं. "घेऊन जा अम्मा," त्या म्हणाल्या. "मी मागून चालत येते."

हेडमास्तरांनी मान हलवून नको म्हटलं. मग पुन्हा कळ आली, आणि नको म्हणायचं राहून गेलं. म्हाताऱ्यांनी त्यांना धरून कॅरिअरवर बसवलं. त्यांनी एका हाताने सीटखालची स्प्रिंग घट्ट धरली, दुसऱ्या हातात पेटा. मला धक्का लागू नये म्हणून ते एवढे मागे सरकून बसले, की मलाच भीती वाटू लागली.

शेतांमधून मी सायकल ढकलतच नेली. बांध आला तेव्हा चढून बसले. बांध सपाट, पण अरुंद. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली शेतं. मागे एवढं वजन घेऊन मी कधी चालवली नव्हती. पहिल्या काही क्षणांत हँडल इकडेतिकडे गेलं. मग वेग आला आणि चाक सरळ झालं. मागून अधूनमधून दबका आवाज येई, "निधान, अम्मा. निधान." सावकाश, असं ते म्हणत होते. मी म्हणायची, "आयतु सार," बरं सर. आणि तशीच पुढे.

खडकाळ चढावर पुन्हा उतरले. सायकल ढकलताना माझं सगळं लक्ष मागच्या चाकावर. दगडावर चढताना टायर दबायचा, पसरायचा, आणि दगड मागे टाकून पुन्हा गोल व्हायचा. प्रत्येक वेळी मी मनात म्हणायची, एवढा एक. तो संपला की पुढचा. एका दगडावर रिम टेकल्याचा आवाज आला. मी थांबून कान दिला. हवा जात नव्हती. त्या वेळी मला जे हायसं वाटलं, तसं पुढे मुलांच्या परीक्षांचे निकाल लागतानाही वाटलं नाही.

गाडीवाट संपून डांबर दिसू लागलं, तसं मला वेळेचं भान आलं. यांची पाळी. यांना कायम करायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. आज पुन्हा चौकीत नाव लागणार, असं मनात आलं, आणि तेवढ्यात डांबराच्या टोकाशी हेच उभे दिसले. हातात डबा. मी वेळेवर आले नाही म्हणून बसने दोमलूरपर्यंत येऊन पुढे पायी निघाले होते.

त्यांनी हेडमास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, डबा हँडलला अडकवला आणि पंप काढला. मी सायकल धरून उभी राहिले, त्यांनी दोन्ही चाकं भरली.

"दवाखाना माझ्या वाटेवरच आहे," ते म्हणाले. "मी नेतो. तू मागून ये." मग हेडमास्तरांना नुकत्याच शिकलेल्या कानडीत म्हणाले, "हिडकोळ्ळी सार." घट्ट धरा.

हेडमास्तरांनी या वेळी स्प्रिंग सोडली आणि यांच्या कमरेला मिठी मारली. सायकल निघाली. डांबरावर ती आवाज न करता, दोन माणसं घेऊन इतकी सरळ गेली, की मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ती वळेपर्यंत बघतच राहिले. मग मी एका मैलाच्या दगडावर बसले. हेडमास्तरांच्या बायको मागून आल्या. आम्ही दोघी मिळून दवाखान्यात गेलो.

तोवर डॉक्टरांनी सुई टोचली होती. मूतखडा होता. हेडमास्तर खाटेवर डोळे मिटून पडले होते, पण कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, खडा लहान आहे, भरपूर पाणी पाजा. हे ऐकून हेडमास्तरांच्या बायको मटकन खाली बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. मीही त्यांच्याशेजारी बसले.

हे भोंगा होता होता फाटकातून आत गेले होते. त्या दिवशी चौकीत नाव लागलं नाही. महिन्याच्या शेवटी यांना साहेबांनी बोलावलं आणि कायम केल्याचं सांगितलं. घरी येऊन हे सासूबाईंच्या पाया पडले. त्यांनी शिरा केला.

हेडमास्तर दहा-बारा दिवसांनी शाळेत आले. प्रार्थना झाली, हजेरी झाली. मधल्या सुट्टीत ते माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाले, "टीचरम्मा, माझ्या मुलाला कॉलेजात जायला सायकल घ्यायची आहे. टायर कुठले घ्यावेत?" मी सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं, दोन चाकांना दोन वेगळे का, ते विचारलं, आणि मान डोलावून गेले.

मागचा टायर पुष्कळ वर्षं टिकला. कडेचे चौकडे झिजून गेले, मधली रेघ पुसट झाली, तरी कापडाने दगा दिला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना यांनी एकदा रविवारला जोडून रजा घेतली आणि आम्ही आनेकलला माझ्या मावशीकडे गेलो, सायकलवरच. हे चालवत होते, मी मागे बसले होते. डांबर कधी लागे, कधी सुटे. एका आंब्याच्या झाडाखाली थांबून दहीभात खाल्ला. कुणाची पाळी नव्हती, कुठली शाळा नव्हती, मावशीला आम्ही कधी येणार ते ठाऊकही नव्हतं. हे झाडाच्या बुंध्याला टेकून झोपले. मी हात धुतले, आणि सावली सरकली तशी सायकलही थोडी सावलीत सरकवून ठेवली.